इंगळे साहेबांचे पाच आकडे

१४ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ. अकोल्याला जठारपेठेत इंगळे साहेबांच्या घरी त्यांचा जपानी शॉर्टवेव्ह रेडिओ मी सव्वीस हजार रुपयांना विकत घेतला. पैसे रोख दिले. हजर माणसं तीन: इंगळे साहेब, मी आणि माझी बायको सुनंदा. इंगळे काकू आतल्या खोलीत होत्या, म्हणून त्यांना तेव्हा मी हजर धरलं नव्हतं. आता धरतो.

पावती घेतली नाही. मी पतसंस्थांचं ऑडिट करतो. चहाचंही व्हाउचर मागणारा माणूस म्हणून लोक मला ओळखतात आणि त्यावरून टोमणेही मारतात. त्या संध्याकाळी सुनंदानं डोळ्यांनी खूण केली, तरी मी पावतीचा विषय काढला नाही. इंगळे साहेबांच्या तोंडच्या आकड्याला पावती लागत नाही, असं मी वीसेक वर्षं मानत आलो होतो.

त्यांची ओळखही ऑडिटमधलीच. ते टेलिफोन खात्यात तांत्रिक बाजूला होते आणि तिथल्या कर्मचाऱ्यांच्या एका छोट्या पतसंस्थेच्या कमिटीवर होते. मी हिशोब तपासायला गेलो तेव्हा बाकीच्या सभासदांनी कचोरी आणि गोड बोलणं पुढे केलं. कोपऱ्यात बसलेला उंच, वाळका, चष्म्याला दोरी बांधलेला एक माणूस उठला, त्यानं रजिस्टर उघडून एका पानावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “इथं चूक हाय. मीच केली हाय. लिहून घ्या.” चूक बारीक होती, मला कदाचित सापडलीही नसती. अध्यक्ष त्यांच्याकडे असं बघत होते की जणू घरचं भांडण पाहुण्यापुढे निघालं.

दुपारी मी त्यांना म्हणालो, साहेब, न विचारता कोणी चूक दाखवत नाही. ते म्हणाले, “मी रेडिओ ऐकतो.” मला या दोन गोष्टींचा संबंध कळला नाही. तो समजून घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो आणि पुढे वीस वर्षं जात राहिलो.

घरी गेल्यावर पहिली दुरुस्ती झाली ती माझ्या शब्दाची. “रेडिओ पानठेल्यावर असते,” ते म्हणाले. “हा सेट हाय.” सेट काळा होता, जाडजूड पुस्तकाएवढा. त्याच्यावर बटणं इतकी की मला टायपिंगच्या क्लासची आठवण आली. गल्फमधून परतलेल्या एका नातेवाइकानं तो विकायला काढला होता. साहेबांनी तो घेतला आणि काकूंचा त्या वर्षीचा दागिना राहून गेला. काकूंनीच पुढे त्या सेटला जांभळ्या मखमलीची खोळ शिवून दिली. “सवतीले चोळी शिवली मी,” असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्यांची एक रीत असते. दूरदेशीचं केंद्र ऐकायचं आणि ते कसं ऐकू आलं याचा अहवाल त्या केंद्राला पाठवायचा. केंद्र त्या बदल्यात एक छापील कार्ड पाठवतं. अहवालात पाच आकडे असतात: आवाजाची ताकद, शेजारच्या केंद्राची घुसखोरी, खरखर, चढउतार, आणि शेवटी एकूण. प्रत्येकाला एक ते पाच गुण, पाच म्हणजे उत्तम. साहेब हे आकडे बोटांवर दाखवत. कानाला सेट लावून, डोळे मिटून एक हात वर करायचे आणि बोटं उघडमीट करत पाच आकडे सांगायचे. मी पहिल्यांदा ऐकायला बसलो तेव्हा हिंदीत बातम्या स्वच्छ येत होत्या. मी म्हणालो, पाचला पाच. साहेबांनी डोळे उघडले. “पाचला पाच म्हनजे तू स्टेशनात जाऊन बसला. हिमालयापल्याडून येऊन राहिला आवाज, अन् तुले एक खरखर नाई लागली? चार लिह. खरं म्हनजे तीनच हाय.” मग ते वाक्य म्हणाले, जे मी पुढे माझ्या प्रत्येक शिकाऊ पोराला ऐकवलं: “जे ऐकलं तेवढंच लिहाचं. उरलेलं स्टेशनवाल्याले ठाऊक असते.”

उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला पाचला पाच दिलं नाही, असं ते सांगत. केंद्रांनाच नाही, कोणालाच नाही. त्यांच्या बोलण्यात छान, बरं, ठीक हे शब्द नव्हते. माझ्या मुलीच्या वाढदिवसाचा केक खाऊन ते म्हणाले, “चार. खालून थोडा खरखरीत हाय.” त्यांच्या स्वतःच्या मुलीला, संगीताला, पाहायला यवतमाळकडची मंडळी आली तेव्हा मुलाच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, मुलीचा स्वभाव कसा आहे? रीतीप्रमाणे उत्तर द्यायचं तर ते एका शब्दाचं होतं. साहेबांनी क्षणभर डोळे मिटले. “ताकद पाच. चढउतार भलता हाय. एकूण तीन.” मंडळी पोहे अर्धे टाकून गेली. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. संगीताचं लग्न पुढे दुसरीकडे झालं, चांगलं झालं, आणि आता तीच हा किस्सा सासरी सांगून हसवते. “बाबानं तीन देल्ले म्हनून मी वाचली त्या घरातून,” असं म्हणते.

आमचा दहा-बारा जणांचा एक श्रोता क्लब होता, अमरावती-अकोला मिळून. वर्षातून एकदा सगळ्यांच्या सह्यांनी एखाद्या केंद्राला एकत्र अहवाल जायचा. एका वर्षी साहेब तापानं आजारी होते, त्यांनी कार्यक्रम ऐकला नव्हता, पण कोणीतरी प्रेमानं त्यांचं नाव घातलं. केंद्राकडून प्रत्येकाला एक सुंदर भिंतीवरचं कॅलेंडर आलं. साहेबांनी स्वतःचं कॅलेंडर परत पाठवलं, सोबत चिठ्ठी: मी हा कार्यक्रम ऐकलेला नाही. परत पाठवायचं टपाल कॅलेंडरच्या किमतीपेक्षा जास्त पडलं. “घरात एक कॅलेंडर नोहोतं,” काकू म्हणायच्या, “अन् हे राजा हरिश्चंद्र.”

अशा माणसाचा सेट मला हवा होता. माझ्याकडे साधा, हातात मावणारा रेडिओ होता, तो त्याच्या कुवतीनं ऐकवायचा. पण साहेबांकडे बसून जे ऐकलं ते घरी ऐकू यायचं नाही. मी एकदाच, संकोचत म्हणालो होतो, कधी विकलात तर मला सांगा. ते म्हणाले, “विकीन तर तुलेच. नाई तर संगे घेऊन जाईन.” त्यानंतर तो विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. गेल्या दोन वर्षांत मात्र जाणंयेणं कमी झालं. मी दोनदा येतो म्हणालो, दोन्ही वेळा त्यांनी काही कारण सांगितलं. मग डिसेंबरात त्यांचा स्वतःहून फोन आला. “भुयार, सेट द्याचा हाय. सव्वीस. कमी होनार नाई.” बाजारात असा सेट मिळालाच तर तेवढ्यातच मिळतो, हे मी आधीच तपासलेलं होतं. मी कमी करायला सांगणारही नव्हतो.

त्या संध्याकाळी ते गुडघ्यांवर शाल घेऊन बसले होते, हात शालीच्या आत. सेट समोर टीपॉयवर, मखमलीच्या खोळीतून बाहेर काढून ठेवलेला. “तूच फिरव,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला त्याच्या बटणाला हात लावू दिला नव्हता. मला तो मान वाटला. आधी एफएम लावलं, अकोल्याची गाणी खणखणीत वाजली. मग शॉर्टवेव्ह. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती हवा. “चार्जर, बल्ब, सगळ्या गल्लीनं गोंगाट मांडला हाय,” साहेब म्हणाले. “बाकी आता काही येत नाई. पंचवीस मीटरच्या पट्ट्यावर ये. हळू.” मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, “पंखा बंद कर वं.”

पंखा बंद करणं ही आमची जुनी रीत. मोटारीची घरघर सेटमध्ये शिरते. मी फ्रीक्वेन्सीचा आकडा हलवत गेलो आणि एका जागी ते हिमालयापल्याडचं हिंदी केंद्र उगवलं. मी आयुष्यात शॉर्टवेव्हवर असा आवाज ऐकला नाही. निवेदिकेचा श्वास ऐकू येत होता. पत्रोत्तरांचा कार्यक्रम संपत आला होता. शेवटी ती म्हणाली की आनेवाले रविवार से यही सभा आप नई फ्रीक्वेंसी पर सुन सकेंगे. मग केंद्राची धून वाजली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण सुनंदानं नजर दुसरीकडे वळवली.

“पाचला पाच, साहेब,” मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली. आता बोलणी बसणार. साहेब सेटकडे पाहत राहिले.

“हो,” ते म्हणाले. “पाच.”

मी ते प्रेम समजलो. निरोपाचा दिवस, सेट घरातून जातोय, म्हातारा हळवा झाला, असं मी स्वतःला सांगितलं. पैसे टीपॉयवर ठेवले. ते त्यांनी उचलले नाहीत, मोजले नाहीत. “एक वचन दे,” म्हणाले. “हा सेट कोनाच्या हाती द्याचा नाई. उघडाचा नाई. काही झालं तर माह्याकडे आनाचा.” मी वचन दिलं. काकू चहा घेऊन आल्या, साहेबांचा कप अर्धाच भरलेला होता आणि तो तसाच निवत राहिला. काकू माझ्याशी फार बोलल्या नाहीत.

बसमध्ये सेट माझ्या मांडीवर होता. मूर्तिजापूर गेल्यावर सुनंदा म्हणाली, “तुमच्या साहेबाच्या घरी थंडीत पंखा काहून चालू होता?”

मी म्हणालो, “चालू असेल सवयीनं.”

“ते शाल घेऊन बसले अन् पंखा चालू?”

“तुला कशाचाही हिशोब लागतो,” मी म्हणालो.

“मले,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

घरी, अमरावतीला राजापेठेत, दुसऱ्या संध्याकाळी त्याच वेळी तोच आकडा लावला. काही नाही. सगळा पंचवीस मीटर फिरलो, मग एकतीस, मग एकोणपन्नास. हवा. साहेबांना फोन केला. “घरात एलईडी हायत का?” त्यांनी विचारलं. होते. “मंग कसं ऐकू येईन? ते बल्ब नाई, गोंगाटाची भट्टी हाय.” मी घरातले सगळे एलईडी बल्ब काढले आणि जुने पिवळे शोधून आणले. दुकानदार म्हणाला, भाऊ, लोक उलटं करतात. सेट तसाच. पुन्हा फोन. “मेन स्विच बंद करून पाह्य.” आठवडाभर आमचं घर रोज संध्याकाळी अर्धा तास अंधारात बसायचं. मुलगी मोबाइलच्या उजेडात अभ्यास करायची. शेजारच्या वहिनींनी सुनंदाला हळूच विचारलं, बिल थकलं का? “नाई,” सुनंदा म्हणाली, “आमच्याकडे पूजा असते. हवेची.”

मग साहेब म्हणाले, गावाबाहेर जाय. एका रविवारी मी स्कूटरवर सेट बांधून अंजनगावच्या रस्त्याला लागलो, दिवस कलता एका शेताच्या बांधावर बसलो आणि अँटिना काढली. कपाशी वेचून परतणारा एक माणूस थांबला. “काय मोजून राहिले भाऊ? रस्ता येते का इकून?” मी म्हणालो, रेडिओ ऐकतोय. तो थोडा वेळ उभा राहिला, त्यानंही ऐकलं. “काई येऊन नाई राह्यलं,” म्हणाला, खेदानं, आणि गेला. मी खिशातून माझा जुना छोटा रेडिओ काढला. त्यावर ते केंद्र, दुसऱ्याच आकड्यावर, बारीक आवाजात, खरखरीतून येत होतं. दोन्ही सेट मांडीवर. साधा बोलत होता, सव्वीस हजारांचा गप्प होता.

हे मी साहेबांना फोनवर जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, “सेट ऐकते, भुयार. तूच ऐकून नाई राहिला. त्याले कान पाहिजे.”

मी त्यावरही विश्वास ठेवला. दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर मी पावलोपावली पुरावा मागितला असता. पण वीस वर्षं ज्या माणसानं माझ्या प्रत्येक पाचाचा तीन केला, तो मला कान नाही म्हणत होता. मला वाटलं, नसेल. आपण साध्या रेडिओवर वाढलो, मोठा सेट आपल्याला हाकता येत नाही. मी सेट खोळीत घातला, कपाटावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहणं टाळू लागलो. सुनंदानं सव्वीस हजारांचा विषय एकदाही काढला नाही. त्याचंच मला ओझं होतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात स्वयंपाकघरात छोट्या रेडिओवर तेच केंद्र लागलं होतं. पत्रोत्तरांचा कार्यक्रम संपला आणि निवेदिका म्हणाली, आनेवाले रविवार से यही सभा आप नई फ्रीक्वेंसी पर सुन सकेंगे. मी ताटावरून उठलो.

शॉर्टवेव्ह केंद्रं वर्षातून दोनदाच आकडे बदलतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळ्याचे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळ्याचे. हे आमच्या क्लबातल्या अगदी नव्या माणसालाही पाठ असतं. येत्या रविवारपासून आकडा बदलेल, हे वाक्य १४ डिसेंबरला कोणतंही केंद्र म्हणू शकत नाही. आणि ते वाक्य इंगळे साहेबांनी माझ्या शेजारी बसून ऐकलं होतं.

“काय झालं?” सुनंदानं विचारलं.

मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ पोळी लाटत राहिली. “म्हनजे जुनं होतं ते. टेपवरचं,” ती म्हणाली. साहेबांच्या आतल्या खोलीत भिंतभर कॅसेट होत्या, बंद पडलेल्या केंद्रांच्या आणि चालू केंद्रांच्याही, त्यांनीच वर्षानुवर्षं भरून ठेवलेल्या. “अन् पंखा?”

दुसऱ्या दिवशी मी वचन मोडलं. राजापेठेत सलीमभाईंचं मिक्सर-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी सेट उघडला, तासाभरानं मला आत बोलावलं. अँटिनाजवळचा एक छोटा ट्रान्झिस्टर जळाला होता. कधीतरी विजा कडाडताना गच्चीवरची तार लावलेली राहिली असेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. “भुयार साहब, ये सेट बहरा है,” ते म्हणाले. “शॉर्टवेव्ह पे दूर का कुछ नहीं सुनेगा. हाँ, बगल के कमरे में कोई छोटा सा ट्रान्समीटर रख के बजाए, तो ऐसा सुनेगा जैसे कान में बोल रहा हो.” मी विचारलं, असा ट्रान्समीटर करायला अवघड का? ते हसले. “टेलिफोनवाले के लिए? साबुन की डिबिया में बन जाएगा.”

ट्रान्झिस्टर मागवून बसवायला त्यांना आठवडा लागला. साडेतीनशे रुपये झाले. दुकानातच त्यांनी सेट लावला आणि सगळा पंचवीस मीटर माणसांनी भरून गेला. चिनी, अरबी, कुठलीशी प्रार्थना, आणि आपलं हिंदी केंद्र, नव्या आकड्यावर. हेच ऐकायला मी वीस वर्षं थांबलो होतो. मला आनंद झाला नाही.

त्या रविवारी मी एकटाच अकोल्याला गेलो, न कळवता. एप्रिल लागला होता, ऊन उतरणीला लागलं तरी भिंती तापलेल्या होत्या. साहेब व्हरांड्यात बसले होते. मांडीवर टॉवेल, हात टॉवेलखाली.

“ये भुयार,” ते म्हणाले. “सेट आनला?”

मी सेट स्टुलावर ठेवला, अँटिना ओढली, लावला. केंद्र आलं. घुसखोरी होती, थोडी खरखरही होती. साहेब खुर्चीत सरळ झाले.

“किती, साहेब?” मी विचारलं.

त्यांनी हात बाहेर काढला नाही. “उघडला?” म्हणाले.

“हो.”

“कोनं?”

“राजापेठेतल्या सलीमभाईंनी.”

“मी तुले काय सांगतलं होतं?”

“कोणाच्या हाती देऊ नको.”

“मंग?”

“साहेब, त्या दिवशी जे वाजलं ते कुठून वाजत होतं?”

सेटच्या मागच्या बाजूकडे, स्क्रूंकडे, ते बघत होते. “काय गेलं होतं?”

“अँटिनाजवळचा ट्रान्झिस्टर. तुम्हाला माहीत होतं.”

“घेतले किती?”

“साडेतीनशे.”

“दीडशेचं काम हाय,” साहेब म्हणाले. “लुटलं तुले.”

मला हसू यायला हवं होतं. मी म्हणालो, “तुम्ही सांगितलं असतं, सेट बहिरा आहे, तरी मी सव्वीस हजारच दिले असते.”

“अन् मंग? तू तो दुसऱ्याजवळ नेला असता. त्यानं डाग मारला असता त्याले. माह्या सेटले.” त्यांचा आवाज चढला आणि टॉवेल घसरला. दोन्ही हात मला पहिल्यांदाच दिसले. एक हात दुसऱ्याला धरून होता आणि दोन्ही हलत होते. त्या हातांत सोल्डरिंगची, डाग मारायची इस्त्री राहणं शक्य नव्हतं. चहाचा अर्धा कप मला तेव्हा समजला. दोन वर्षं मला येऊ का दिलं नाही, तेही समजलं.

“मला तुम्ही कान नाही म्हणालात,” मी म्हणालो. “मी घर अंधारात ठेवलं, साहेब. पोरीच्या परीक्षेच्या दिवसांत.”

यावर ते काही बोलतील म्हणून मी थांबलो. एखादा आकडा, एखादं वाक्य. पहिल्या भेटीत न विचारता रजिस्टर उघडून बोट ठेवणारा तोच माणूस माझ्यासमोर होता, आणि या वेळी तर मी विचारलं होतं. ते टॉवेलकडे पाहत होते. काकू आतून आल्या, टॉवेल उचलून पुन्हा त्यांच्या हातांवर घातला. मी सेट पिशवीत ठेवून निघालो, तशा त्या माझ्यासोबत फाटकापर्यंत चालत आल्या.

“भाऊ,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “बटन मीच दाबलं. त्यायनं सांगतलं होतं, पंखा बंद कर म्हनलं की टेप लावजो. पंखा तर बंदच होता.”

“तुम्हाला माहीत होतं, काकू?”

“रोजच लावतो ना आमी. ते जुनी स्टेशनं तसेच ऐकतात, त्या डबीवरून. मले वाटलं तुमालेबी तसंच ऐकवून राहिले.” त्यांनी फाटकाची कडी काढली. “मंग तुमी पैसे ठेवले तवा समजलं. तवा बोलाचं होतं मीनं. नाई बोलली. ते पैसे कपाटात तसेच हायत. त्यायनं हात नाई लावला. घेऊन जा.”

मी नको म्हणालो. सेट आता चांगला होता, त्याची बाजारातली किंमत तेवढीच होती, आणि तो मला परत द्यायचा नव्हता. हिशोबानं मी काहीच गमावलेलं नव्हतं. काकूंना मी तसंच सांगितलं. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि मला स्वतःचाच तो हिशोब ऐकवेना.

फाटकाबाहेर आल्यावर लक्षात आलं, सेट मी बंद केलेला नव्हता. पिशवीतून ते केंद्र बोलत होतं. बंद करायला वाकलो आणि सहज वर पाहिलं. व्हरांड्यात साहेबांनी डोळे मिटले होते. टॉवेलाखालून उजवा हात निघाला आणि वर झाला. बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. ते आकडे देत होते. पण हात इतका हलत होता की तीन बोटं होती की चार, मला मोजता आली नाहीत. परत जाऊन विचारावं असं एकदा मनात आलं. मी सेट बंद केला आणि बसस्टँडचा ऑटो धरला.

मे महिन्यात त्यांचा मुलगा दोघांना नाशिकला घेऊन गेला, असं क्लबमधून कळलं. त्यानंतर फोन झाला नाही, त्यांचाही नाही, माझाही नाही. माझ्या हाताखाली सध्या नवीन मुलं आहेत. जे ऐकलं तेवढंच लिहायचं, हे मी त्यांना अजून सांगतो. कोणाचं वाक्य आहे ते सांगत नाही.

सेटपोटी एकूण सव्वीस हजार तीनशे पन्नास रुपये दिले. सव्वीस हजार इंगळे साहेबांना, तीनशे पन्नास सलीमभाईंना. बल्ब आणि बसभाडं धरलेलं नाही. पावती सलीमभाईंनी दिली.